भिंतीवरचे थोरले साहेब

स्टुडिओत जो तो काहीतरी वेगळंच व्हायला आलेला होता. चहावाला हिरो व्हायला आला होता, मेकअपवाला खलनायक व्हायला, आणि फाटकावरचा पहारेकरी गायक व्हायला; गाड्यांचे नंबर लिहून घेताना तो अजूनही सूर धरायचा. खिळेकाका तेवढे कामाला आले होते. कुठल्याशा सेटवर दाराची कडी बसत नव्हती, म्हणून त्यांना बोलावलं. कडी बसली, आणि तेही बसले.

त्या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली होती. सदऱ्याच्या खिशात सदानकदा खिळे, म्हणून खिळेकाका; खरं नाव पगाराच्या दिवशी कारकुनालासुद्धा आठवावं लागायचं. काम प्रॉपर्टीचं. बाहेरच्या जगात प्रॉपर्टी म्हणजे घरदार, जमीनजुमला आणि भावाभावांतली कोर्टकचेरी. सेटवर प्रॉपर्टी म्हणजे कॅमेऱ्यासमोर दिसणारी प्रत्येक वस्तू. वाफ न येणारा चहा, कोऱ्या कागदांनी फुगलेली डॉक्टरची फाइल, तिजोरीच नसलेल्या तिजोरीची किल्ली, आणि ग्लास. ग्लास तर डझनांनी लागायचे, कारण मालिकेत वाईट बातमी आली की ऐकणाऱ्याच्या हातून ग्लास पडून फुटलाच पाहिजे असा नियम होता. खिळेकाका आधी ग्लास पुरवायचे आणि मग काचा झाडायचे. त्यांच्या स्वतःच्या घरी वाईट बातम्या काही कमी आल्या नव्हत्या, पण घरचे ग्लास स्टीलचे. दुःखाचा आवाज व्हायचा, तुकडे व्हायचे नाहीत.

घरी बायको आणि मुलगी. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती आणि बापावर तिची माया होती, पण ती सकाळी बूट घालता घालता. बायको शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, आमचे हे फिल्म लाइनमध्ये आहेत. फिल्म लाइनमध्ये म्हणजे नेमकं काय, असं कुणी खोलात शिरलं, तर म्हणायची, आतलं बघतात. घरातलं मात्र तीच बघायची. काकांनी काही सुचवलं की ती 'बरं' म्हणायची आणि आपल्या मनातलं करायची. काकांचीही काही तक्रार नव्हती. त्यांना बोलण्यापेक्षा शीळ घालायला जास्त आवडायचं.

अशा माणसाच्या आयुष्यात काय घडणार? पण घडलं.

एक मोठी मालिका सुरू होणार होती. मोठं घराणं, मोठा दिवाणखाना, सोशिक मोठी सून आणि तिच्या वाईटावर टपलेला दीर. घराण्याचे कर्तेधर्ते थोरले साहेब कथा सुरू होताच पहिल्या भागात, पांघरुणाखाली, चेहरा न दाखवता वारलेले. नंतर भिंतीवर नुसता त्यांचा फोटो. त्या फोटोसमोर सून रडणार, दीर दात खाणार, नोकर हात जोडणार. म्हणजे अख्खी मालिका त्या फोटोभोवती फिरणार होती. फोटोसाठी एक ज्येष्ठ नट ठरलाही होता. पण शूटिंगच्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला की जमणार नाही. मी अजून कामं शोधतोय, एकदा भिंतीवर गेलो की मला जमिनीवर कोण घेणार, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणणं खोटं नव्हतं, पण सेटवर खोळंबा झाला.

लाइट लागलेले, सून ग्लिसरीन घालून तयार, आणि भिंत मोकळी. दिग्दर्शक डोकं धरून बसला. प्रॉडक्शन मॅनेजर वयस्कर आणि फुकटचा चेहरा शोधत इकडेतिकडे बघायला लागला. त्या वेळी खिळेकाका शिडीवर चढून, त्याच न आलेल्या फोटोसाठी भिंतीत खिळा ठोकत होते.

"काका," मॅनेजर म्हणाला, "जरा खाली या. तुम्हाला वारायचंय."

कपडेवाल्याने कोर्टाच्या मालिकेतल्या न्यायाधीशाचा कोट आणून अंगावर चढवला. कोटाखाली काकांची रंगाचे डाग पडलेली पँट तशीच होती, पण फोटो छातीपर्यंतच काढायचा होता. थोर माणसं तशीही लोकांना छातीपर्यंतच माहीत असतात. फोटोवाला म्हणाला, काहीतरी खोल विचार करा. काकांना खोल विचाराची सवय नव्हती. पण तेवढ्यात त्यांना आठवलं की लाकूड चिकटवायचा सरस आपण शेगडीवर तसाच ठेवून आलोय. आता तो करपणार, भांडं जाणार, आणि दुपारच्या शॉटची खुर्ची तुटलेलीच राहणार. ही काळजी चेहऱ्यावर उमटली आणि फोटोवाल्याने बटण दाबलं.

फोटो बघून चॅनेलची क्रिएटिव्ह मुलगी खुर्चीतून उठलीच. क्रिएटिव्ह हे तिचं पद होतं. स्वभावाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. तिच्या मते त्या डोळ्यांत अख्ख्या कुटुंबाची चिंता होती. दिग्दर्शकाला त्यात त्याग दिसला. कॅमेरामनला वंशपरंपरागत काहीतरी दिसलं. सरस कुणालाच दिसला नाही. दुपारच्या आत खिळेकाकांनी स्वतःला स्वतःच्या हातांनी भिंतीवर टांगलं, थोडं मागे जाऊन वाकडं नाही ना बघितलं, आणि ते करपलेलं भांडं घासायला गेले.

मालिका चालली, आणि कशी चालली म्हणता? लोक संध्याकाळची कामं त्या वेळेनुसार लावायला लागले. सून रोज फोटोसमोर येऊन म्हणायची, तुम्ही असता तर. दीर यायचा आणि फोटोकडे बघून हसायचा, आणि त्याबरोबर फोटो हलायचा, विजेचा कडकडाट व्हायचा, कॅमेरा थोरल्या साहेबांच्या तोंडावर तीनदा जाऊन आदळायचा. फोटो हलवणं हे प्रॉपर्टीचं काम. त्यामुळे प्लायवुडच्या भिंतीमागे, अंधारात, फोटोला बांधलेला बारीक नायलॉनचा तंगूस हातात धरून खिळेकाका उभे असायचे. पुढे सून म्हणायची, तुम्ही असता तर. मागे हे असायचेच.

बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काय होतं? तिने पहिल्याच भागात नवऱ्याला भिंतीवर पाहिलं आणि दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. जित्याजागत्या माणसाने असा अभद्रपणा करावा, तोही फुकट, हे तिला पटेना. मुलीच्या लॅबमध्ये तर एका बाईने तिचा हात हातात घेऊन विचारलं की बाबा कधी गेले. मुलीने सांगितलं, सकाळी साडेआठच्या बसने.

पण राग फार टिकला नाही, कारण शेजारणी यायला लागल्या. आधी एक आली, मग दोघी, मग जिन्यात चपलांचा ढीग पडायला लागला. थोरल्या साहेबांची बायको म्हणून त्या तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होत्या. मालिकेत थोरल्या साहेबांचे गुण रोज वाढत होते. सून म्हणाली की त्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. नोकर म्हणाला की ते स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला द्यायचे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं. आणि ते सगळं दूध खिळेकाकांच्या घरी पोचतं व्हायला लागलं. बायको आता सहज बोलून जायची की आमच्या ह्यांना खोटं अजिबात खपत नाही. काका चकित होऊन ऐकायचे. खोटं खपत नसतं तर त्यांची नोकरी कधीच गेली असती.

रस्त्यावरही तेच. बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांच्यासाठी आतून खुर्ची आणायचा आणि ते बसेपर्यंत स्वतः उभा राहायचा. एका म्हाताऱ्याने तर त्यांना थांबवून, वर कसं काय आहे, असं हळू आवाजात विचारलं. काकांना वाटलं, वरच्या मजल्यावरच्या गळतीबद्दल विचारतोय. म्हणाले, ठिबकतंय अजून. म्हातारा विचारात पडून निघून गेला.

मग लोक भांडणं घेऊन यायला लागले. तळमजल्यावर दोन भाऊ राहत. जिन्याखालच्या जागेत स्कूटर कुणी लावायची यावरून त्यांच्यात बोलणं बंद होतं. दोघे एका रविवारी आले आणि तुम्हीच काय ते सांगा म्हणाले. खिळेकाकांनी मनापासून विचार केला आणि सांगितलं की मधे एक प्लायवुडची पट्टी मारू, दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी जागा येईल, माझ्याकडे तुकडा पडलाय. भावांचे चेहरे उतरले. हे थोरल्या साहेबांसारखं वाटेना. ते गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही बोलू नका. तुम्ही नुसतं बघा."

पुढच्या रविवारी भाऊ पुन्हा आले. काका खुर्चीत बसले, बायकोने त्यांच्या मागचा दिवा लावला, आणि त्यांनी नुसतं बघितलं. भाऊ खाली मान घालून बसले. थोड्या वेळाने मोठ्याचे डोळे भरून आले, धाकटा म्हणाला तूच लाव स्कूटर, मोठा म्हणाला नाही तूच लाव, आणि शेवटी दोघांनी स्कूटरी बाहेर रस्त्यावर लावायचं ठरवलं. जिन्याखालची जागा मोकळीच राहिली. सगळ्या बिल्डिंगला हा निवाडा फार आवडला.

तेव्हापासून काकांचं बोलणं जवळपास बंदच झालं. थोरल्या साहेबांना शोभत नाही म्हणून करवत घरात आणणं बंद, जमिनीवर फतकल मारून बसणं बंद, शीळ तर बंदच बंद. सुटीच्या दिवशीसुद्धा बायको इस्त्रीचा सदरा काढून ठेवायची. मान मिळत होता यात वाद नाही. गरम चहा पहिल्यांदा त्यांच्या हातात यायचा, बायको त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलायची, 'अहो, ऐकलंत का' मधल्या ऐकण्यावर आता जोर नसायचा. वीसेक वर्षं घासूनही जे मिळालं नाही ते एका फोटोने मिळालं. पण कधी कधी खुर्चीत ताठ बसल्या बसल्या त्यांना वाटायचं की आपण इथे असून नसल्यासारखे आहोत, आणि तिथे नसून असल्यासारखे. हा विचार त्यांना फार वेळ झेपायचा नाही. मग ते छताकडे बघायचे, आणि बघणाऱ्याला वाटायचं, काय खोल माणूस आहे.

अशी तीन वर्षं गेली आणि मालिका घसरली. सुनेला आतापर्यंत दोनदा तुरुंगात टाकून झालं होतं, एकदा आंधळी करून परत डोळस केली होती, दिराला जुळा भाऊ निघाला होता. प्रेक्षक कंटाळले. चॅनेलच्या काचेच्या खोलीत बैठक बसली आणि क्रिएटिव्ह मुलगी म्हणाली की थोरले साहेब परत येतील. कुणीतरी दबकत विचारलं की ते तर सगळ्यांदेखत वारले होते, डॉक्टरने नाडी बघितली होती. ती म्हणाली, चेहरा कुठे दिसला होता? शिवाय डॉक्टर फितूर होता. साहेबांची स्मृती गेली होती आणि इतकी वर्षं ते एका बेटावर कोळ्यांकडे राहत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोळ्यांच्या घरी टीव्ही नसावा, असं आपोआप ठरून गेलं.

बातमी सेटवर पसरली तसा सगळ्यांनी खिळेकाकांना गराडा घातला. चहावाल्याने त्यांना दुप्पट साखरेचा चहा दिला आणि डोळे पुसले. इतकी वर्षं तो हिरो व्हायची वाट बघत होता, आणि नंबर लागला काकांचा. काका घरी गेले आणि बायकोला म्हणाले की बहुतेक मी जिवंत होणार आहे. तिने त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. आधी शिंप्याकडे गेली आणि त्यांचा स्वतःचा, कुणा न्यायाधीशाचा उतरलेला नव्हे असा, कोट शिवायला टाकून आली. मग बिल्डिंगभर सांगून आली.

तरी रीत म्हणून चाचणी घ्यायची होती. वाक्य एकच होतं: "मी आलोय." दार उघडायचं, उंबऱ्यात थांबायचं, सुनेकडे बघायचं आणि एवढंच म्हणायचं. काकांनी दार उघडलं. दाराची बिजागरी कुरकुरली. त्यांचं लक्ष बिजागरीकडे गेलं, आणि मग ते म्हणाले, मी आलोय. पण ते अशा सुरात, की जणू तेल घेऊन आलोय. पुन्हा घेतलं. या खेपेला त्यांनी सुनेकडे बघितलं. पण तिच्याकडे त्यांनी नेहमी प्लायवुडमधल्या फटीतूनच पाहिलं होतं, त्यामुळे आपोआप त्यांचा एक डोळा मिटला. दिग्दर्शकाने खोल विचार करायला सांगितलं. त्यांनी सरसाचं भांडं आठवून पाहिलं. पण आता प्रॉपर्टीखात्यात बाटलीतला डिंक आला होता, काळजी म्हणून काही उरलीच नव्हती.

क्रिएटिव्ह मुलगी वाईट नव्हती. तिने त्यांना बाजूला बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं.

"काका, राग मानू नका. तुम्ही फोटोत जास्त जिवंत वाटता."

काकांनी राग मानला नाही. फक्त विचारलं की मग साहेब कोण होणार. ती म्हणाली की एक जुने नामांकित नट हो म्हणालेत, उंच आहेत, आवाजही भारदस्त आहे. काका म्हणाले, पण त्यांचा चेहरा माझ्यासारखा नाही. ती म्हणाली, खरं सांगायचं तर थोरल्या साहेबांच्या व्यक्तिमत्त्वाशी तुमचा चेहरा कधीच फारसा जुळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रॉपर्टीखात्याला हुकूम आला की दिवाणखान्यातला फोटो बदला. प्रॉपर्टीखातं म्हणजे काकाच. शिडी लावून ते वर चढले आणि स्वतःला खाली उतरवलं. चौकट चांगली होती, ती फुकट घालवणं त्यांच्या जिवावर आलं. मागच्या पट्ट्या उचकटून त्यांनी आपला फोटो बाहेर ओढला, नव्या साहेबांचा आत सरकवला, काच पुसली आणि चौकट त्याच खिळ्याला लावली. मग भिंतीमागे जाऊन तंगूस धरला. लाइट लागले. सून आली, नव्या फोटोसमोर उभी राहिली, आणि गेली तीन वर्षं ज्या आवाजात म्हणत आली होती त्याच आवाजात, तेच अश्रू ढाळत म्हणाली, "तुम्ही असता तर."

तिला काही फरकच जाणवला नाही. काकांना सगळ्यात जास्त लागलं ते हे. भूमिका गेली, कोटाचं कापड वाया गेलं, त्याचं काही नाही. पण रोज समोर उभं राहून रडणाऱ्या बाईने निदान एकदा दचकायला हवं होतं. त्यांनी ठरल्या क्षणी फोटो हलवला. जरा जोरातच हलवला. दिग्दर्शक म्हणाला, वा.

घरी हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. आणि सांगायची गरजही पडली नाही, कारण भाग दाखवला तेव्हा त्यांच्या खोलीत सगळी बिल्डिंग बसलेली होती, थोरले साहेब जिवंत होताना थोरल्या साहेबांच्या घरीच बघायचे म्हणून. पडद्यावर दिवाणखाना आला, कॅमेरा भिंतीकडे वळला, आणि तिथे दुसराच माणूस. पुढे दार उघडलं आणि तो उंच माणूस भारदस्त आवाजात म्हणाला, मी आलोय. बायकोने उठून टीव्ही बंद केला. लोक एक एक करून, चपलांचा आवाज न करता, गेले.

आणि दुसऱ्या दिवशी परत आले. पण आता आले ते भेटायला. बायका दारातून हळूच आत येऊन काकांच्या बायकोशेजारी बसल्या. कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला. फार अचानक झालं, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, माणूस देवासारखा होता हो. तळमजल्यावरचे दोघे भाऊ मान खाली घालून भिंतीशी उभे राहिले; त्यांतल्या मोठ्याने, काही लागलं तर सांगा वहिनी, असं म्हणून घेतलं आणि जाता जाता स्कूटर जिन्याखाली लावून टाकली. या सगळ्यांना चहा कोण देणार? बायको तर मधे बसलेली. तेव्हा खिळेकाकांनीच चहा टाकला, कप भरले, ट्रे घेऊन सगळ्यांपुढे फिरवला. एका म्हाताऱ्या बाईने कप उचलताना त्यांच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हीही धीर धरा."

तीन वर्षं भिंतीवर मेलेला असताना हा माणूस जगात जिवंत होता, आणि साहेब जिवंत झाले त्या दिवशी तो मेला. मुलगी लॅबमधून आली, बूट काढता काढता तिने ही बैठक बघितली, आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली. नंतर मात्र ती बापाजवळ येऊन बसली, बराच वेळ. बूट काढून.

पुढचे दिवस वाईट गेले असं म्हणता येणार नाही, नेहमीसारखे गेले. बसमध्ये उभं राहावं लागायला लागलं. दुकानातली खुर्ची आत गेली. काकांनी जमिनीवर फतकल मारून मोडकं स्टूल दुरुस्त केलं, आणि मधेच आपल्या तोंडून शीळ निघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. बायकोने त्यांना अडवलं नाही. पण ती मोठ्या आवाजातही बोलत नव्हती, आणि हलक्याही नाही. नवा कोट तिने कपाटात खूप आत टांगला. नवऱ्यावर रागवावं की त्याची कीव करावी, हेच तिला ठरवता येत नव्हतं. इतकी वर्षं आपण नेमका कुणाचा मान ठेवत होतो, हा प्रश्न तिला पडला असावा.

काढलेला फोटो काकांनी नियमाप्रमाणे गोदामात जमा केला होता. प्रॉपर्टी कंपनीची, घरी न्यायची नसते. मागे त्यांनी चिठ्ठी लावली होती: वडील, दिवंगत, वापरलेले. पण शेजारच्या सेटवर एक पोलिसी मालिका सुरू झाली, आणि तिथल्या माणसाने चिठ्ठी न वाचताच फोटो उचलला. चौकीच्या फळ्यावर फरारी गुन्हेगारांचे फोटो लावायचे होते. कुठलाही चेहरा चालणार होता.

ती मालिका घरी मुलगी बघायची. एका संध्याकाळी इन्स्पेक्टर फळ्यासमोर उभा राहून छडी आपटत होता आणि मधल्या ओळीत, न्यायाधीशाच्या कोटात, डोळ्यांत अख्ख्या कुटुंबाची चिंता घेऊन, अट्टल दरोडेखोर म्हणून खिळेकाका होते. मुलीने आईला हाक मारली. बायको हात पुसत आली, पडद्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. काका आता काय होतंय याचा अंदाज घेत स्टुलावर आखडून बसले होते. ती खाली बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की पोट धरून भिंतीला टेकली. हसणं ओसरलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मला एकदा दाखवा ना, तुम्ही तिथे काय करता ते."

वीसेक वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

काका तिला घेऊन गेले. पहारेकऱ्याने तिचं नाव सुरात लिहून घेतलं. तिने दिवाणखाना पाहिला, भिंतीला मागून हात लावून पाहिला, सोन्याचे म्हणून माहीत असलेले दिवे पत्र्याचे निघाले ते पाहिले. काकांनी तिला तिजोरी नसलेली किल्ली दाखवली, पडण्यासाठी ठेवलेले ग्लास दाखवले. एरवी हूं म्हणून पुढे जाणारी बाई प्रत्येक वस्तूपाशी थांबून, हे कशाला आणि हे कसं, असं विचारत होती. बोलून बोलून काकांचा घसा बसला. शेवटी पोलीस चौकीच्या सेटवर येऊन ती दमून बाकावर टेकली. तेवढ्यात शॉटची तयारी झाली आणि सहायक दिग्दर्शक धावत आला. काकांना वाटलं, आता उठवणार. पण तो तिच्याकडे डोकं वाकडं करून बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही अशाच बसा. तक्रार घेऊन आलेल्या बायका कमी पडतायत."

तिने काकांकडे बघितलं. काकांनी आपल्या सामानातून एक जुनी पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिची स्वतःची पिशवी शूटिंगच्या मानाने फार नवी होती. दृश्य असं होतं की पुढे इन्स्पेक्टर बोलतोय आणि मागे बाकावर, कॅमेऱ्याकडे पाठ करून, एक बाई रडतेय. रडायचं तिला अजिबात जमेना. आणि बाक होता नेमका फळ्यासमोर. लाइट लागले, शांतता झाली, तिने मान वर केली, तर समोर न्यायाधीशाच्या कोटातला आपला दरोडेखोर. तिने पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. ती थांबायचा प्रयत्न करी तसतसे ते जास्तच हलत. ती वाकली, पिशवीत तोंड खुपसलं, अख्खी पाठ गदगदायला लागली.

दिग्दर्शकाने शॉट संपल्यावर सगळ्यांना तिच्याकडे बघायला सांगितलं. म्हणाला, याला म्हणतात रडणं. वर्षानुवर्षं काम करणाऱ्या नट्यांना हे जमत नाही. उद्याही यायला सांगा त्यांना, आणि पाठमोऱ्याच बसवा.

खिळेकाका कॅमेऱ्याच्या बाजूला उभे होते. त्या पाठीबरोबर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं, त्यांना ती बरोबर कळत होती. पण त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पाण्याचा ग्लास भरला आणि तिच्याकडे घेऊन गेले. काचेचा होता, म्हणून दोन्ही हातांनी धरून.